‘पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक’ ही बातमी नेमकी कोणाविषयी असते?

साउथबेंडकर

नमस्कार मंडळी. आम्ही गेली अकरा वर्षे इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे राहतो. नोटर डेम विद्यापीठाचे मैदान घरापासून दहा मिनिटांवर असल्यामुळे अमेरिकन फुटबॉलचा हंगाम म्हणजे आमच्याकडे सणासुदीचे दिवसच असतात. ९ जानेवारी २०२५ च्या रात्री ऑरेंज बोलचा सामना, म्हणजे विद्यापीठांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा उपांत्य सामना, आम्ही घरी पाहत होतो. अवघे सात सेकंद उरलेले असताना ४१ यार्डांवरून मारलेला चेंडू दोन्ही खांबांच्या मधून गेला, नोटर डेमने पेन स्टेटवर २७-२४ अशी मात केली आणि आमच्या दिवाणखान्यात एकच गलका झाला.

काही वेळातच प्रशिक्षक मार्कस फ्रीमन यांच्यासमोर माइक आला. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पोहोचणारे तुम्ही पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आहात, याविषयी तुमच्या काय भावना आहेत, असे त्यांना मैदानावरच विचारण्यात आले. फ्रीमन यांच्या आई कोरियन आहेत. हा सन्मान आहे हे त्यांनी मान्य केले, कृष्णवर्णीय, आशियाई, गोऱ्या अशा सर्वच चांगल्या प्रशिक्षकांना अशी संधी मिळत राहावी असे ते म्हणाले आणि हे यश माझे नसून आम्हा सर्वांचे आहे, असे सांगून त्यांनी बोलणे संघाकडे वळवले.

त्यावर माझा चौदा वर्षांचा मुलगा सहज म्हणाला, “बाबा, पेन स्टेटचे कोच जेम्स फ्रँकलिनसुद्धा ब्लॅकच आहेत. म्हणजे कोणीही जिंकलं असतं तरी हाच प्रश्न आला असता.” त्याचे म्हणणे खरे होते, आणि तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. सामन्याचा निकाल काहीही लागला तरी जो प्रश्न तयारच होता, तो त्या माणसाचा गौरव म्हणायचा, की त्याच्या कामावरून नजर हटवून त्याच्या रंगावर नेणे म्हणायचे? हा खेळ जवळून पाहणाऱ्यांचे मत मला हवे आहे.

जुनी_वार्ताहर

मी क्रीडापानावर बरीच वर्षे काम केले असल्यामुळे आधी आमच्या व्यवसायाची चूक कबूल करते. या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर १९८२ मध्येच देऊन झाले आहे. जॉर्जटाऊन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांचा संघ देशातील अखेरच्या चार संघांत पोहोचला आणि न्यू ऑर्लिन्समध्ये पत्रकारांनी त्यांना हाच प्रश्न विचारला. इथवर संघ आणण्याची कुवत असलेला मी पहिलाच कृष्णवर्णीय प्रशिक्षक आहे असे या प्रश्नातून सुचवायचे असेल, तर मला त्याची मनस्वी चीड आहे, कारण माझ्याआधी अनेक जण लायक होते आणि त्यांना संधीच नाकारली गेली, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांनी अजिंक्यपद जिंकले, तेव्हाही त्यांच्या नावामागे ‘पहिले’ हे विशेषण लागलेच.

त्याही आधी, १९६६ मध्ये, बिल रसेल यांना बोस्टन सेल्टिक्सने खेळाडू-प्रशिक्षक नेमले तेव्हा पत्रकार परिषदेत त्यांना विचारण्यात आले की, उलट दिशेचा वंशभेद मनात न आणता तुम्ही निःपक्षपातीपणे काम करू शकाल का. रसेल यांनी होकार दिला आणि बास्केटबॉलमध्ये माणसाचा आदर त्याच्या कौशल्यामुळेच केला जातो, असे सांगितले. गोऱ्या प्रशिक्षकाला नेमणुकीच्या दिवशी असा प्रश्न विचारल्याचे माझ्या वाचनात कधी आलेले नाही. पुढे १९६८ आणि १९६९ अशी दोन अजिंक्यपदे त्यांनी प्रशिक्षक या नात्याने मिळवून दिली.

साउथबेंडकर, माझे म्हणणे असे आहे की प्रश्न चुकीचा नाही, तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. ज्याला दार उघडून मिळाले त्याला आपण विचारतो की आत आल्यावर कसे वाटते. दार इतकी वर्षे कोणी लावून धरले होते, हे त्या दारामागे बसलेल्यांना मात्र कोणी विचारत नाही. शर्मन लुईस यांचे उदाहरण घ्या. १९९२ पासून १९९९ पर्यंत ते एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगमधील ग्रीन बे पॅकर्स संघाचे आक्रमण समन्वयक (संघाच्या चढाईची आखणी करणारे प्रशिक्षक) होते आणि याच काळात संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्याच प्रशिक्षकवर्गातील स्टीव्ह मारिउची, जॉन ग्रुडेन आणि अँडी रीड हे तिघे गोरे सहकारी, हुद्द्याने लुईस यांच्याखाली काम केलेले असूनही, एकामागून एक मुख्य प्रशिक्षक झाले. लुईस कधीच झाले नाहीत. न झालेल्या नेमणुकीची तारीख नसते, त्यामुळे तिची बातमीही होत नाही.

शिकागोकर

ताई, तुमचा मुद्दा पटतो, पण त्यातून असे प्रश्न विचारूच नयेत असा अर्थ कोणी काढू नये म्हणून लिहितो. ४ फेब्रुवारी २००७ रोजी मायामीत भर पावसात सुपर बोल झाला, तेव्हा टोनी डंगी यांचा इंडियानापोलिस कोल्ट्स आणि लव्ही स्मिथ यांचा आमचा शिकागो बेअर्स हे संघ समोरासमोर होते. सुपर बोलमध्ये त्याआधी एकही कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक पोहोचला नव्हता आणि त्या दिवशी दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय प्रशिक्षक उभे होते. आमच्या कार्यालयाच्या इमारतीत साठी उलटलेले एक कृष्णवर्णीय रखवालदार होते. बेअर्स २९-१७ असे हरले, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही प्रशिक्षकांचे एकत्र छायाचित्र असलेले वर्तमानपत्राचे पान नीट घडी घालून टेबलाच्या खणात ठेवले आणि मी विचारल्यावर ते नातवासाठी आहे असे सांगितले. तो मथळा त्यांच्यासाठी ओझे नव्हता.

शिवाय आकडे छापले गेले म्हणूनच काही गोष्टी हलल्या. २००२ मध्ये जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी या वकिलांनी अहवाल काढून दाखवून दिले की कृष्णवर्णीय प्रशिक्षकांची कामगिरी सरस असूनही त्यांना कामावर उशिरा घेतले जाते आणि लवकर काढले जाते. पुढल्याच वर्षी एनएफएलमध्ये रूनी नियम आला आणि मुख्य प्रशिक्षकपदासाठी किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेणे संघांना बंधनकारक झाले. तो नियम न पाळल्याबद्दल २००३ मध्येच डेट्रॉइटच्या मुख्याधिकाऱ्याला दोन लाख डॉलर दंड झाला.

माझी तक्रार वेगळी आहे. प्रसारमाध्यमे पहिल्या दिवशी येतात आणि नंतर फिरकत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस यांनी लीगवर वंशभेदाचा दावा ठोकला, तेव्हा ३२ संघांत पिट्सबर्गचे माइक टॉमलिन हे एकटेच कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक उरले होते. २००७ च्या सोहळ्यानंतर पंधरा वर्षांनी ही स्थिती होती. आणि ज्या लव्ही स्मिथ यांचे छायाचित्र आमच्या रखवालदारांनी जपून ठेवले, त्यांना ह्यूस्टनने २०२२ चा एकच हंगाम देऊन घरी पाठवले. त्यांच्याआधी डेव्हिड कली हे आणखी एक कृष्णवर्णीय प्रशिक्षकही तिथे एकच हंगाम टिकले होते. संघ कमकुवत होता हे मान्य, पण तो दोघांनाही तसाच सोपवलेला होता. या दोन हकालपट्ट्यांना २००७ च्या निम्मीही जागा मिळाली नाही.

टेबलमाउंटन

केपटाऊनहून थोडी भर घालतो, कारण इथे गौरवाची बातमीच माणसावर कशी उलटते हे मी पाहिले आहे. २००८ मध्ये पीटर डी व्हिलियर्स हे स्प्रिंगबॉक या दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रग्बी संघाचे पहिले गौरेतर प्रशिक्षक झाले. नेमणूक जाहीर करतानाच संघटनेच्या अध्यक्षांनी सांगून टाकले की ही निवड केवळ रग्बीच्या निकषांवर झालेली नाही. हेतू प्रामाणिक असेलही, पण पहिला सामना होण्याआधीच त्यांच्या पात्रतेवर अधिकृत शंका नोंदवली गेली आणि पुढची चार वर्षे ती त्यांच्या मागे राहिली. २००९ मध्ये त्यांच्या संघाने ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्धची मालिका आणि त्रिराष्ट्रीय स्पर्धा अशी दोन्ही जिंकली. तरीही माझ्या गोऱ्या सहकाऱ्यांशी रग्बीविषयी बोलणे निघाले की आधी डी व्हिलियर्स यांची नेमणूक निघते, आणि लायन्सवरचा विजय मला आठवण करून द्यावा लागतो.

साउथबेंडकर

सर्वांचे मनापासून आभार. ताई, शिकागोकर, तुमचे प्रतिसाद मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवले. ‘बातमी पहिल्याच दिवसापुरती असते’ हे वाचताना मला आमच्याच गावातील गोष्ट आठवली आणि ती आपण त्याला कधीच सांगितलेली नाही, हेही जाणवले.

फ्रीमन यांच्या आधी नोटर डेममध्ये टायरोन विलिंगहॅम होऊन गेले. २००१ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठाने नेमलेल्या प्रशिक्षकांच्या शैक्षणिक माहितीत खोटेपणा आढळला, त्यांनी पाच दिवसांत राजीनामा दिला आणि त्यानंतर विलिंगहॅम यांची निवड झाली. या विद्यापीठात कोणत्याही खेळाचे मुख्य प्रशिक्षक होणारे ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. २००२ मध्ये पहिले आठही सामने जिंकल्यावर देशभर त्यांचे कौतुक झाले. नंतरचे दोन हंगाम साधारण गेले आणि २००४ च्या नोव्हेंबरअखेर, तीन हंगाम पूर्ण होताच, त्यांना काढण्यात आले. मावळत्या विद्यापीठाध्यक्षांनी स्वतः जाहीरपणे सांगितले की या निर्णयाची आपल्याला लाज वाटली. त्यांच्या जागी आलेल्या चार्ली वाइस यांच्याशी मात्र पहिला हंगाम संपण्याआधीच दहा वर्षांचा नवा करार झाला. वाइस पाच हंगाम राहिले, आणि विजयांचे त्यांचे प्रमाण विलिंगहॅम यांच्यापेक्षा किंचितही सरस नव्हते.

मुलगा शाळेच्या वार्तापत्रासाठी फ्रीमन यांच्यावर लिहितो आहे. २० जानेवारीच्या अंतिम सामन्यात नोटर डेम ओहायो स्टेटकडून ३४-२३ असे हरले, त्यामुळे लेखाचे काय करावे हे त्याला कळत नव्हते. काल रात्री त्याने पहिला परिच्छेद खोडला आणि विलिंगहॅम या नावाचे स्पेलिंग मला विचारले. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला पत्र पाठवून, २००४ साली तीनच हंगाम का दिले गेले, हे विचारायचे त्याने ठरवले आहे. पत्राचा मसुदा माझ्यासमोर आहे. ताई, तो एकदा तुमच्या नजरेखालून घातला तर चालेल का?