विस्मरणात गेलेले ऑपेरा पुन्हा रंगमंचावर आणावेत का?

तिसरी घंटा
आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड या लहानशा बंदराच्या गावात १९५१ पासून ऑपेरा महोत्सव भरतो. टॉम वॉल्श या तिथल्याच डॉक्टरने तो सुरू केला आणि पहिल्याच वर्षी बाल्फ या आयरिश संगीतकाराचा 'द रोझ ऑफ कॅस्टील' सादर झाला. जे ऑपेरा इतरत्र कुणी करत नाही ते इथे करायचे, हीच पुढे महोत्सवाची ओळख झाली. अशा महोत्सवांना सरकारी पैसा मिळालाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. 'चांगलं असतं तर टिकलं असतं' हे मला मुळीच मान्य नाही. हँडेल या संगीतकाराचे ऑपेरा अठराव्या शतकाच्या मध्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं जवळजवळ कुणी रंगमंचावर आणले नाहीत. १९२० मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला ऑस्कर हागेन या कलेतिहासाच्या अभ्यासकाने त्याचा 'रोडेलिंडा' उभा केला, तिथून चक्र फिरलं. आज त्याचाच 'जूलियो चेझारे' मोठमोठ्या ऑपेरागृहांत होतो. मग इतकी वर्षं दोष हँडेलचा होता का?

मध्यलय
हँडेल हा अपवाद आहे. बहुतेक पुनरुज्जीवित ऑपेरांचे चार प्रयोग होतात, समीक्षक कौतुक करतात आणि संहिता परत कपाटात जाते. तेवढ्यासाठी नवं नेपथ्य, वेशभूषा, वाद्यवृंद, कोरस, महिनाभर तालमी! तोच पैसा आज लिहिणाऱ्या संगीतकाराला द्या. मेलेल्यांना संधी आणि जिवंत माणूस दारात उभा, हा मला अन्याय वाटतो.

तिसरी घंटा
वेक्सफर्डने जिवंतांना दार बंद केलेलं नाही. केविन पट्स या आजच्या संगीतकाराचा 'सायलेंट नाइट' २०११ चा; त्याचा युरोपातला पहिला प्रयोग २०१४ मध्ये तिथेच झाला.

खर्ज
इटालियन संगीतकार रोसिनीचा 'इल विआज्जो आ रॅन्स' इथे आठवायलाच हवा. फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याच्या राज्याभिषेकानिमित्त तो १८२५ मध्ये पॅरिसला झाला. थोडक्या प्रयोगांनंतर रोसिनीनेच तो मागे घेतला आणि त्यातलं बरंचसं संगीत 'ल कोंत ओरी' या आपल्या पुढच्या ऑपेरात वापरलं. पुढे स्वरलिपीची पानं विखुरली. अभ्यासकांनी ती जुळवली, तेव्हा १९८४ मध्ये इटलीतल्या पेझारोच्या रोसिनी महोत्सवात क्लाउदिओ आबादोच्या संचालनाखाली तो पुन्हा उभा राहिला. चौदा स्वर एकत्र गातात ती जागा ऐका! कागदावर वाचून ती कळणार नाही, त्यासाठी गाणारे गळेच हवेत.

मध्यलय
तुमचं हेच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. 'विआज्जो' १९८४ च्या त्या प्रयोगांमुळे टिकला नाही. पेझारोच्या अकादमीतले तरुण गायक तो आता दर उन्हाळ्यात गातात, म्हणून तो त्यांच्या गळ्यात बसला. वेक्सफर्ड दर वर्षी नवी नावं शोधतं, पण आधीची कोण सांभाळतं? निधी देणाऱ्यांनी अट घालावी: उकरून काढलेला ऑपेरा पाच वर्षांत दुसऱ्या गावी, दुसऱ्या संचात पुन्हा झालाच पाहिजे.

खर्ज
अट मान्य. पण पहिला प्रयोगच झाला नाही तर दुसरा संच काय पाहून तो ऑपेरा निवडणार?