‘गोळ्या नाहीत, मग पार्ट डी कशाला?’ हा सल्ला देणं बंद करा

पांढरेकेस (एडिसन)

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, पार्ट डी हा त्यातला औषधांचा भाग. त्याच्या धाग्यावर एकाने लिहिलंय, "६५ झाली आणि गोळ्या चालू नसतील तर पार्ट डी घेऊ नका. पुढे लागल्या तर भारतातून आणता येतात." खाली भराभर +१ पडलेत. कुणाच्या तरी आईवडिलांचं यात नुकसान होणार, म्हणून सविस्तर लिहितो.

दंडाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, हिशेब कुणी करत नाही. पात्र असून सलग ६३ दिवस किंवा जास्त काळ पार्ट डी नाही, तोडीचं दुसरं कव्हरही नाही, तर अशा प्रत्येक पूर्ण महिन्याला मूळ राष्ट्रीय प्रीमियमच्या १ टक्का दंड. २०२६चा आकडा ३८.९९ डॉलर. ४८ महिने उशीर म्हणजे दरमहा १८.७० डॉलर. तो जन्मभर भरायचा, शून्य प्रीमियमच्या प्लॅनवरही, आणि मूळ आकडा दरवर्षी बदलतो तसा दंडही बदलतो.

पण दंड ही किरकोळ बाब आहे. खरा धोका नावनोंदणीच्या तारखांचा. पहिली संधी हुकली आणि खास कारण नसेल तर १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर एवढीच मुदत, कव्हर १ जानेवारीपासून. फेब्रुवारीत हृदयाचे ठोके अनियमित निघाले आणि डॉक्टरांनी रक्ताच्या गुठळ्या रोखणारं एलिक्विस लिहून दिलं, तर वर्ष संपेपर्यंत सगळा खर्च खिशातून. प्लॅन असेल तर २०२६मध्ये याच औषधाचा सरकारने ठरवलेला दर महिन्याला २३१ डॉलर. ६१५ डॉलरचं डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) असलेल्या साध्या प्लॅनमध्ये पहिले दोन महिने पूर्ण २३१, तिसऱ्या महिन्यात साधारण १७२, पुढे २५ टक्क्यांनी ५७.७५. वर्षाचे साडेअकराशेच्या आसपास. शिवाय कव्हर असलेल्या सगळ्या औषधांवर मिळून २१०० डॉलर भरून झाले की उरलेलं वर्ष तुम्हाला काही भरावं लागत नाही.

हिशेबनीस

असहमत. अॅम्लोडिपिन, अॅटोर्व्हास्टॅटिन, साधं मेटफॉर्मिन ही औषधं रोखीने घेतली तरी चार-पाच डॉलरला मिळतात. निरोगी माणसाने दहा वर्षं प्रीमियम भरायचा, तो कशासाठी? पाच वर्षं थांबलं तर दंड दरमहा २३.४० डॉलर होतो. पाच वर्षांचा प्रीमियम मांडून दाखवा, मग बोलू. हे घाबरवणं एजंट लोकांचं काम आहे.

पांढरेकेस

एजंट म्हणण्याआधी लिहिलेलं वाचा. महागडा प्लॅन घ्या असं मी कुठे म्हटलंय? गोळ्या नसतील तर आपल्या झिपकोडमधला सगळ्यात स्वस्त प्लॅन घ्या, काही ठिकाणी तो शून्य प्रीमियमचा असतो. स्वस्त गोळ्या खुशाल रोखीने घ्या. फक्त ते पैसे २१००च्या मर्यादेत आपोआप धरले जात नाहीत, हे लक्षात ठेवा.

काउंटरमागून

तुमचं चालू द्या, पण प्लॅन निवडताना होणारी खरी चूक कुणी लिहीत नाहीये. मेडिकेअर डॉट गव्हवर औषध टाकताना नाव, ताकद, गोळी की कॅप्सूल, महिन्याला किती, सगळं बाटलीवरून बघून टाका. मेटफॉर्मिन ईआर (औषध हळूहळू सोडणारी गोळी) टाकलं की यादीत तीन प्रकार येतात. साधा ईआर स्वस्त. ‘ऑस्मोटिक’ किंवा ‘मॉडिफाइड’ लिहिलेले कितीतरी पट महाग. चुकीची ओळ निवडली की सगळ्या प्लॅनांचा क्रम उलटापालटा होतो आणि लोक नको तो प्लॅन घेऊन बसतात.

मग दुकानं निवडा, दोन-तीन. प्लॅनने ‘प्रिफर्ड’ ठरवलेल्या दुकानातच कमी दर लागतो, कोपऱ्यावरचं दुकान नेटवर्कमध्ये असूनही प्रिफर्ड नसेल तर फरक पडतो. क्रम प्रीमियमवर लावू नका, औषधं आणि प्रीमियम मिळून वर्षाच्या खर्चावर लावा. शेवटी औषधाच्या नावापुढे प्रायर ऑथरायझेशन (प्लॅनची आधी परवानगी), स्टेप थेरपी (आधी स्वस्त औषध वापरून बघायची अट) किंवा संख्येची मर्यादा आहे का ते उघडून पाहा. जानेवारीत काउंटरवर होणारी निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

अर्धंवर्षपुणे

अवांतर होईल, पण आम्ही सहा महिने तिकडे असतो त्यांचं काय? तिथे औषधं स्वस्त, येताना वर्षभराची आणतो. पार्ट डीचा पैसा आमच्यासाठी वाया. अमेरिकन कंपन्यांच्या लुटीबद्दल कुणी का लिहीत नाही?

काउंटरमागून

दरांबद्दलचा राग रास्त आहे. सल्ला मात्र धोक्याचा आहे. वर्षभराची औषधं आणणं नियमात बसत नाही, वैयक्तिक वापरापुरतं साधारण तीन महिन्यांच्या साठ्याकडे एफडीए (अमेरिकेचं औषध नियामक खातं) कानाडोळा करू शकतं इतकंच. आणलेल्याचा एक पैसाही मर्यादेत धरला जात नाही.

त्याहून मोठी अडचण अशी. विल्डाग्लिप्टिन आणि टेनेलिग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधांना इथे मंजुरीच नाही. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी इथे मिळत नाही. साठा संपला की रिफिल नाही, डॉक्टर सिटाग्लिप्टिनसारखं दुसरं औषध देणार, आणि तेव्हा कव्हर नसेल तर मूळ किंमत भरा. आईवडिलांच्या पिशवीतली नावं आजच इथल्या डॉक्टरांना दाखवून पर्यायी औषधं विचारून ठेवा.

अर्धंवर्षपुणे

म्हणजे आम्ही तस्कर! तिथल्या डॉक्टरांना काहीच कळत नाही का?

काउंटरमागून

तस्कर कुणी म्हटलं नाही आणि तिथल्या डॉक्टरांची औषधं वाईट असंही म्हटलं नाही. विल्डाग्लिप्टिन चांगलंच औषध आहे, इथे मिळत नाही एवढाच मुद्दा. निघताना प्लॅनला फोन करून ‘व्हेकेशन ओव्हरराइड’ मागा, बरेच प्लॅन ९० दिवसांचा साठा आधी देतात. निघायच्या आदल्या दिवशी नाही, किमान दोन आठवडे आधी.

पांढरेकेस

अवांतर निघालंच आहे तर हेही. मेडिकेअर अॅडव्हांटेज (खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) असेल आणि सलग सहा महिन्यांहून जास्त प्लॅनच्या भागाबाहेर राहिलात तर बहुतेक प्लॅन नाव काढतात. सुटा पार्ट डी प्लॅन बारा महिन्यांपर्यंत टिकतो. कायमचं पुण्यात राहायला गेलात तर पार्ट डी ठेवताच येत नाही आणि त्या काळाचा पार्ट डीचा दंडही लागत नाही. परत आल्यावर मात्र दोन महिन्यांत घ्या. पार्ट बीचा (डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा) हिशेब याहून वेगळा आहे, तो यात मिसळू नका.

हिशेबनीस

तारखांचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. वर्षाच्या मध्ये औषध लागलं तर अडकायला होतं, हे माझ्या गणितात नव्हतं. पण भाऊ, ऑक्टोबर लागला की टीव्हीवर त्या जाहिरातींचा भडिमार होतो, त्यात हे कुणी सांगत नाही. म्हणून संशय येतो.

पांढरेकेस

संशय घ्याच. कमिशन न घेणारा सल्ला हवा असेल तर प्रत्येक राज्यात शिप ही सरकारी सल्लासेवा आहे, कॅलिफोर्नियात त्याला हायकॅप म्हणतात, फुकट बसवून यादी करून देतात. उत्पन्न कमी असेल तर तिथेच औषधखर्चाच्या ‘एक्स्ट्रा हेल्प’ या सरकारी मदतीबद्दल विचारा, ते मिळालं की पार्ट डीचा दंड माफ होतो.

काउंटरमागून

आणि प्लॅन बदलायच्या घाईत एक करू नका. अॅडव्हांटेजचा एचएमओ किंवा पीपीओ प्रकारचा प्लॅन चालू असताना सुट्या पार्ट डी प्लॅनमध्ये नाव घातलं, तर अॅडव्हांटेज आपोआप रद्द होतो. माणूस मूळ मेडिकेअरवर येऊन पडतो, आणि मेडिगॅप (मूळ मेडिकेअरला जोडीचा खासगी विमा) घ्यायला गेलं की बहुतेक राज्यांत प्रकृतीचे प्रश्न विचारून नकार देऊ शकतात. प्लॅनकडून सप्टेंबरअखेर येणारं बदलांचं पत्र उघडून आधी आपला सध्याचा प्लॅन कोणत्या प्रकारचा आहे ते बघा.