‘चुकलं तरी चालेल’ म्हणायचं आणि लगेच गुण कापायचे?

पक्कीवही (धागा)

माझी मुलगी चौथीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या वहीच्या पानाला भोक पडलं, खोडून खोडून. गणित होतं ४२ वजा १७. आधी ३५ लिहिलं, पुसलं. मग २५ लिहिलं, तेही पुसलं आणि परत ३५. मी म्हटलं, "अगं, पुसतेस कशाला? खाली दुसऱ्यांदा कर." तर म्हणाली, "मग बाईंना कळेल ना, पहिल्यांदा चुकलं होतं ते."

तिच्या वर्गात भिंतीवर मोठ्या रंगीत अक्षरांत लिहिलंय, ‘चुकांमधून आपण शिकतो’. मी पालकसभेला गेले तेव्हा ती पाटी मलाही आवडली होती. पण मुलीला शाळेचं मत कळतं ते वहीतून, आणि वहीत काय असतं? फुली, कापलेला गुण आणि दुसऱ्या दिवशी पुढचा धडा. त्या फुलीकडे परत यायला तिला कुणी सांगतच नाही.

आता ते ३५ नीट बघा. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिनं ७ मधून २ काढले, आले ५. ४ मधून १ काढला, आले ३. यात धांदरटपणा कुठेच नाही. तिनं मनाशी एक नियम बसवलाय, ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’, आणि तो इमानेइतबारे पाळलाय. ब्राउन आणि बर्टन या दोघा संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाक्या तपासून हेच मांडलं होतं, की बऱ्याच चुका अशा चुकीच्या पण ठरलेल्या नियमातून येतात. फुलीनं उत्तर चुकलं एवढंच कळतं. नियम कुठे घसरला हे मुलाला कळत नाही, आणि पुष्कळदा शिक्षकालाही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की मुलांनी अवघड गोष्टीला हात घालावा असं वाटत असेल, तर धीर द्यायची भाषणं पुरेत. पहिल्या प्रयत्नाला गुण देऊच नका. चुकलं की खोडायचं नाही, त्यावर एक रेघ ओढायची, खाली पुन्हा करायचं आणि शेजारी एका ओळीत लिहायचं, ‘मला आधी काय वाटलं होतं’. गुण द्यायचेच असतील तर या दुसऱ्या प्रयत्नाला द्या.

रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ चा एक प्रयोग आहे, इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि गोडी दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळाले तेव्हा शेऱ्याचा फायदा जवळजवळ नाहीसाच झाला. आकडा दिसला की मूल पुढचं वाचत नाही, याचा अनुभव आपल्या सगळ्यांनाच आहे.

तुम्हाला काय वाटतं?

---

हातचाएक

ताई, मी शिक्षक आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. मला हे पटत नाही.

माझ्या वर्गात ४८ मुलं आहेत. प्रत्येक वही दोनदा तपासायची म्हणजे रोज ९६ तपासण्या, आणि हा फक्त एक विषय झाला. ‘दुसऱ्या प्रयत्नाला गुण’ हा नियम मी एकदा दोन महिने वापरून पाहिलाय. झालं असं की पहिल्या प्रयत्नाला निम्मी मुलं काहीतरी खरडायची आणि वर्गात उत्तरं सांगून झाली की दुसरा प्रयत्न सुंदर अक्षरात उतरवून काढायची. शेजारची ओळसुद्धा एकमेकांचीच: ‘मला आधी वेगळं वाटलं होतं.’ पन्नासेक वह्यांमध्ये तेच वाक्य वाचून माझंच मन उडालं.

पहिल्या प्रयत्नाला काहीतरी वजन हवं, नाहीतर मूल त्यात जीव ओतत नाही. जीव ओतून केलेली चूकच उपयोगी पडते. घाईत खरडलेल्या उत्तरातून कुणी काय शिकणार?

---

उजळणी

धागाकर्तीशी सहमत. मला वाटतं हे घरापासूनच सुरू होतं. मी मुलाला सारखं म्हणायचे, "किती हुशार आहेस रे!" मग म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा प्रयोग वाचला. मुलांनी कोडी सोडवली. काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. नंतर सगळ्यांना मुद्दाम फार अवघड कोडी दिली आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी. ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली, मेहनतीबद्दल कौतुक झालेल्यांची वाढली. आणि मला सगळ्यात लागलं ते पुढचं. दुसऱ्या मुलांसाठी आपले गुण लिहून ठेवायला सांगितले, तेव्हा ‘हुशार’ गटातल्या सुमारे ३८ टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. दुसऱ्या गटात हेच प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं.

पानाला भोक पडेपर्यंत खोडणं त्यातलंच वाटतं मला. शाळेनं गुण कापायच्या आधीच आपण त्यांना लपवायला शिकवलेलं असतं.

---

निळीशाई

मला या सगळ्याच चर्चेबद्दल राग आहे. का, ते सांगते. लांबेल, पण वाचा.

माझ्या मुलाला तीन वर्षं सांगितलं गेलं, "अजून जमत नाही, पण जमेल. प्रयत्न सोडू नकोस." प्रत्येक प्रगतिपुस्तकात प्रेमळ शेरा. शिक्षिका मनानं खरोखर चांगल्या होत्या, त्यांच्याविषयी तक्रार नाही. तो रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसून एक परिच्छेद वाचायचा. अक्षर अक्षर लावत, घाम येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तोच शब्द पुन्हा अडायचा. मीही म्हणत राहिले, "छान प्रयत्न केलास हं." एक दिवस तो म्हणाला, "आई, सगळे मला छान प्रयत्न म्हणतात, म्हणजे माझं चुकलेलंच असतं ना?"

त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकण्यातली मुळातलीच अडचण आहे, हे तिसरीच्या शेवटी कळलं. ध्वनी आणि अक्षरं यांची सांगड पायरीपायरीनं, उघडपणे शिकवावी लागते अशा मुलांना. ती मदत सुरू झाली आणि तो वाचायला लागला. सावकाश, पण वाचतो. मेहनत त्यानं आधीही कमी केली नव्हती. ती मेहनत चुकीच्या ठिकाणी खर्ची पडत होती आणि आम्ही सगळे तिचं कौतुक करत बसलो होतो. ती तीन वर्षं मला परत मिळणार नाहीत.

म्हणून ‘चुकू द्या, आव्हान द्या’ म्हणणाऱ्यांना मला विचारायचंय, कुठल्या मुलाला? ज्याचं दहातलं एक चुकतं त्याला चूक म्हणजे गंमत. ज्याचं दहातली आठ चुकतात त्याला आणखी आव्हान म्हणजे छळ आहे. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये हेच लिहिलं होतं, की नवशिक्यांना आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं आणि स्पष्ट मार्गदर्शन लागतं. त्याशिवाय धडपडायला सोडलं तर डोक्यावरचा भारच वाढतो.

उजळणी, ड्वेक यांच्या त्या प्रयोगानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलंय. इंग्लंडमध्ये शंभरेक शाळांतली दहा-अकरा वर्षांची सुमारे पाच हजार मुलं घेतली आणि त्यातल्या काही शाळांत ‘बुद्धी वाढते, प्रयत्नांनी जमतं’ असा कार्यक्रम राबवला. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. भाषेत किंवा गणितात इतर शाळांपेक्षा जास्तीची प्रगती काही दिसली नाही. नुसत्या विचारसरणीनं वाचता येत नाही हो.

---

पक्कीवही

निळीशाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या मुलाचं ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

तुम्ही म्हणताय ते आणि मी म्हणतेय ते एकमेकांविरुद्ध आहे असं मला वाटत नाही, पण माझ्या मूळ लेखात एक भोक आहे हे खरं. मी गृहीत धरलं की दुसऱ्या प्रयत्नात मुलाला जमेलच. माझ्या मुलीला जमतं, कारण मी शेजारी बसून हातचा कसा घ्यायचा ते दशकांच्या जुड्या सोडून दाखवलं. ते दाखवणंच मी लिहिलं नाही. कुणी दाखवणार नसेल तर दुसरा प्रयत्न म्हणजे तीच चूक दोनदा.

इंग्लंडचं मीही वाचलंय. तिथे एक अडचण अशी होती की ज्या शाळांशी तुलना केली, तिथल्या अनेक शिक्षकांनाही हे विचार आधीपासून माहीत होते. २०१९ मध्येच ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या नववीच्या बारा हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास आला. तासाभराहूनही कमी वेळाचा ऑनलाइन उपक्रम होता. अभ्यासात मागे असलेल्या मुलांची श्रेणी सरासरी ०.१ गुणांकानं वाढली. वाढ लहानच, ते मान्य. पण जिथे वर्गसोबती अवघड काम घ्यायला बिचकत नव्हते, तिथे परिणाम अधिक होता. म्हणजे एकेका मुलाचं मन वळवून भागत नाही. आजूबाजूचा वर्ग तसा लागतो.

---

शिसपेन्सिल

वर्ग तसा नसेल तर काय होतं ते मी सांगतो. मला फळ्यापाशी उभं करून अख्ख्या वर्गाला विचारलं गेलं होतं, "याचं कुठे चुकलं?" पस्तीस हात वर. त्यानंतर मी शाळा संपेपर्यंत स्वतःहून हात वर केला नाही. आज चाळिशीत बैठकीत प्रश्न विचारतानाही पोटात गोळा येतो.

याउलट, जेम्स स्टिगलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची आठवण प्रसिद्ध आहे. १९७९ मध्ये ते जपानमधल्या चौथीच्या वर्गात बसले होते. घनाचं चित्र ज्याला जमत नव्हतं त्याच मुलाला शिक्षकांनी फळ्यावर बोलावलं. तो काढायचा, मग शिक्षक वर्गाला विचारायचे, जमलं का? मुलं नाही म्हणून मान हलवायची, तो पुन्हा काढायचा. घाम स्टिगलर यांना फुटला, मुलगा शांत होता. शेवटी जमलं तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या.

दोन्हीकडे फळा, खडू आणि चुकणारं मूल. तिथे वर्गाला सवय होती, माझ्या वर्गात नव्हती. म्हणून ‘चुका उघड करा’ असं सरसकट कुणी सांगितलं की मला भीती वाटते. पक्कीवही, तुमच्या त्या शेजारच्या ओळीचं वर्गात मोठ्यानं वाचन सुरू झालं तर? कुणीतरी उत्साही शिक्षक ते करेलच.

---

हातचाएक

शिसपेन्सिल, बरोबर आहे. मी काय करतो ते लिहितो, म्हणजे वरचा माझा प्रतिसाद नुसता नन्नाचा पाढा वाटायला नको.

वह्या तपासताना मी एकच चुकीचं उत्तर निवडतो, ज्यात विचार दिसतो असं. उदाहरणार्थ ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठं, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे. दुसऱ्या दिवशी ते माझ्या अक्षरात फळ्यावर लिहितो. नाव नाही. "असं लिहिणाऱ्यानं काय विचार केला असेल?" एवढंच विचारतो. बरोबर उत्तर लगेच मागत नाही. मुलं त्या विचाराची बाजू घेऊन बोलायला लागतात, आणि पुष्कळदा ज्यानं लिहिलेलं असतं तोच सगळ्यात जास्त बोलतो. सात-आठ मिनिटं लागतात. ४८ वह्यांचा दुसरा ढीग लागत नाही.

आठवड्यानं तसलाच प्रश्न पुन्हा विचारतो. हे मला फार उशिरा कळलं. ज्या चुकीबद्दल आपली पक्की खात्री असते ती दाखवून दिली की लगेच सुधारते, कारण धक्का बसतो. बटरफील्ड आणि मेटकाफ या संशोधकांनी २००१ मध्ये हे दाखवलं. पण २०११ च्या एका प्रयोगात असं दिसलं की आठवड्याभरात ती दुरुस्ती विसरली गेली, तर तीच खात्रीची चूक परत डोकं वर काढते. माझ्या वर्गात हे मी शेकडो वेळा पाहिलंय. सोमवारी सगळ्यांना कळलेलं पुढच्या सोमवारी निम्म्यांचं पुन्हा चुकतं.

गुणांबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. पहिल्या प्रयत्नाला थोडे तरी गुण हवेत.

---

निळीशाई

मास्तर, तुमच्या वर्गात माझा मुलगा असता तर बरं झालं असतं. एक भर घालते. निवडलेली चूक एकदाची असेल तर वर्गात चर्चा करा. तेच मूल तीच चूक तिसऱ्यांदा, चौथ्यांदा करत असेल तर ती फळ्यावर नेऊ नका. त्याला शेजारी घेऊन बसा, तपासणीची गरज आहे का बघा, पालकांना बोलवा. आमच्याकडे तारखांसकट सगळ्या चुका वहीत होत्या. त्या एकापुढे एक ठेवून कुणी पाहिल्या नाहीत, मीसुद्धा नाही.

गुणांबाबत मी कुणाच्याच बाजूनं नाही. मुलाला शून्य मिळालं तेव्हा त्याला लागलं, आणि शून्याऐवजी हसरा चेहरा काढला तेव्हाही लागलं.

---

उजळणी

हे तिसऱ्या वेळेचं लिहून ठेवलंय. आज जुन्या वह्या काढून बसते.

---

पक्कीवही

काल मुलीला खोडरबर न देता बसवलं. ६३ वजा २८ दिलं. तिनं ४५ लिहिलं, माझ्याकडे बघितलं, एक रेघ ओढली आणि खाली ३५ लिहिलं. शेजारची ओळ माझ्या सांगण्यापेक्षा वेगळीच निघाली: ‘वरचे ३ लहान होते म्हणून मी खालून वर गेले.’

मग विचारलं, "बाईंनी रेघ बघून गुण कापले तर?" कापणार नाहीत असं मला सांगता आलं नाही. शुक्रवारी बाईंची वेळ घेतलीय. मास्तर, गुण पूर्ण काढून टाका असं न म्हणता निदान रेघेला गुण कापू नका, एवढंच आधी मागावं का? शिक्षक म्हणून तुम्हाला ते कसं ऐकू येईल?

---

हातचाएक

तसंच मागा. आणि ते पान सोबत न्या, भोक पडलेलंसुद्धा. आधी ते बाईंच्या हातात द्या आणि त्यांना बघू द्या, मग बोला.