बेळगावात खाऱ्या पाण्याचा टँक: पहिला मासा कोणता सोडू?

अनगोळचा गप्पीवाला
नमस्कार मंडळी. आठ वर्षं झाली गोड्या पाण्यातले मासे पाळायलोय. गप्पी, एंजल, मधे दोन वर्षं एक फ्लॉवरहॉर्न. आता खाऱ्या पाण्याचं खूळ शिरलंय डोक्यात. तीन फूट बाय दीड बाय दीडचा टँक मांडला, मीठ कालवलं, आज सहावा दिवस, नुसतं पाणी फिरायलंय. दुकानदार म्हणतो, "चार ब्लू डॅमसेल सोडा, एनू आगूदिल्ला (काही होत नाही). ते मरत नाहीत, टँक चालू होतो, भारीतले मग घ्या." पोरीला क्लाऊनफिश आणि निळा टँग, दोन्ही पाहिजेत. महिन्यातनं एकदा चोर्ल्यातनं पणजीला जाणं होतंच, तर येताना दोन कॅन समुद्राचं पाणी आणलं तर चालेल काय?

वडगावची ताई
दादा, मला पण हेच सांगितलं होतं. चार डॅमसेल. नवीन टँकात माशांची घाण पचवणारे जिवाणू नसतात, त्यामुळं अमोनिया साठतो, माशाला तो विषच. आठवड्यात दोन गेले. उरलेल्या दोघांतला एकानं दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून दाबून मारला. मग राहिला तो एकटा राजा. अंगठ्याएवढा जीव, पण दीड महिन्यानं आणलेल्या क्लाऊनला त्यानं हीटरच्या मागनं बाहेर येऊ दिलं नाही. काच पुसायला हात घातला की माझ्या बोटाला चावायचा!

त्याला पकडायला तीन दिवस गेले. जाळी दिसली की दगडात. शेवटी रात्री अकराला दिवा मालवून, नवऱ्याच्या हातात बॅटरी देऊन, एकेक दगड पाण्याबाहेर काढला. सातवा दगड बादलीवर धरला, थोडा थांबले, आणि भोकातनं टप्पकन खाली पडला पठ्ठ्या. दुकानात परत देऊन आले. अजून जिवंत असेल तो, मला शंका नाही. चिवट म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मासा मरत नाही म्हणजे नको झाला तरी तो तिथंच राहतो.

म्हणून टँक चालू करायला मासा सोडूच नका. मासळी मार्केटातनं एक कच्ची कोळंबी आणा, जाळीच्या पिशवीत घालून लोंबकळत ठेवा. ती कुजते, अमोनिया चढतो, त्यावर जिवाणू वाढतात, मग नायट्राइट चढतो, मग दोन्ही उतरतात आणि नायट्रेट दिसायला लागतं. चार ते सहा आठवडे. पाणी फिरायलंय म्हणून टँक तयार झाला असं नव्हे, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चढून परत शून्य आल्याशिवाय दुकानाकडं फिरकूच नका.

मग पहिला मासा म्हणजे ऑसेलॅरिस क्लाऊनची जोडी, पण टँकात जन्मलेली. आपल्याकडं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाऊनची पैदास जमवली आहे, तेव्हा समुद्रातनं धरून आणलेला घ्यायचं कारण नाही. पैदाशीतला पहिल्या दिवसापासून दाण्याला येतो. एक थोडा मोठा, एक लहान असे घ्या. क्लाऊन सगळे नर म्हणून जन्मतात, जोडीतला थोरला पुढं मादी होतो. सारखे दोन मोठे घेतलात तर आधी भांडणं. आणि अ‍ॅनिमोन (क्लाऊन ज्यात घर करतो तो समुद्री जीव) लागतोच असं काही नाही. माझी जोडी पंपाच्या मागं झोपते.

दुसरा म्हणून बांगाई कार्डिनल बघा, हा पण पैदाशीतलाच. संथ मासा, कुणाच्या वाटेला जात नाही. फायरफिश पण गरीब आहे, पण उडी मारतो. वर बारीक जाळी नसेल तर सकाळी फरशीवर मिळेल.

निळा टँग पोरीला नाही म्हणून सांगा. तो फूटभर वाढतो, तीन फुटात त्याचं हाल. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पण त्यालाच आधी होतो. आणि एकदा ते ठिपके टँकात शिरले की सगळे मासे बाहेर काढून औषध करायचं आणि टँक अडीच महिने रिकामा ठेवायचा. पोरगी तेवढे दिवस रिकामी काच बघत बसेल काय?

गोव्याचं पाणी नको. मिरामारला मांडवी येऊन मिळते, पावसाळ्यात तिथलं पाणी बरंचसं नदीचंच असतं. समुद्रात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. तुमच्या टँकात दगड-वाळू सोडून दीडशे-एकशे साठ लिटर पाणी बसेल, म्हणजे सव्वापाच-साडेपाच किलो मीठ, टँकासाठी मिळतं ते. ते आरओच्या पाण्यात कालवायचं. घरच्या आरओला टीडीएस (पाण्यातले क्षार) वाढवायचा स्क्रू असतो, त्यातनं थोडं साधं पाणी मिसळतं, तो बंद करा. आटलेलं पाणी भरताना मात्र गोडं भरायचं, मीठ उडून जात नाही.

कुणी "लाईव्ह रॉक" म्हणून खरा प्रवाळ विकायला आला तर हात लावू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. समुद्री घोडा पण तसाच.

(आमच्याकडं घरात माग आहे. मागाच्या आवाजाचं माशांना काही नाही, पण सुताचं तूस पाण्यावर बसून साय धरायची. वरचं पाणी हलतं ठेवा. तुमच्याकडं माग नसेल तर सोडून द्या.)

निपाणीचा ५९
ताईंचं बाकी सगळं पटलं. पण हिरवे क्रोमिस पण डॅमसेलच की, आणि ते काय असे भांडखोर नसतात. माझे पाच आहेत, चार महिने झाले, एकदम गुण्यागोविंदानं.

वडगावची ताई
वर्षानं परत मोजा आणि सांगा.

खानापूरचा राजू
माशाच्या आधी करंटचं बघा दादा. आमच्याकडं जुलैत झाड पडलं की तारा गेल्याच. तास-दोन तास काही होत नाही, रात्रभर गेला तर प्राणवायू संपतो आणि सगळे वर येऊन गपागप तोंड मारायला लागतात. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) तेवढा टाका, हीटर टाकू नका, तो बॅटरी खातो. ते नाही जमलं तर सेलवरचा हवेचा पंप ठेवा. उन्हाळ्यात पाणी २८ च्या वर जायला लागलं की पाण्यावर आडवा पंखा लावा, दोन-तीन डिग्री उतरतं. मग पाणी जास्त आटतं तेवढं लक्षात ठेवा.

अनगोळचा गप्पीवाला
आभारी आहे सगळ्यांचा. डॅमसेल रद्द. टँगचं पोरीला सांगितलं, रुसलीय, पण क्लाऊनची नावं ठेवून पण झालीत. ताई, कोळंबी सोलून घालायची काय सालासकट?

वडगावची ताई
सालासकट. खोलीची खिडकी उघडी ठेवा. आणि सोमवारी आणू नका, आमच्या सासूबाई चार दिवस बोलत नव्हत्या माझ्याशी.