छापील की हाताने रंगवलेलं?
ताई, फोंड्याच्या घरासाठी डॅनियल या इंग्रज चित्रकारांनी काढलेलं दिल्लीच्या पडक्या इमारतींचं चित्र छापील घ्यावं की हाताने रंगवून, असं तुम्ही विचारलंत. वर बऱ्याच जणांनी ‘हाताने काढलेलं तेच अस्सल’ म्हटलंय. मला ते पटत नाही. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांची हिंदुस्थानातली १४४ दृश्यं १७९५ ते १८०८ दरम्यान लंडनमध्ये निघाली, ती तांब्याच्या पत्र्यावरून छापून आणि वर हाताने जलरंग भरून. म्हणजे मूळच छापील! तेच कॅनव्हासवर तैलरंगात उतरवलं की ती धुरकट, पातळ छटा जाते आणि आभाळ कॅलेंडरसारखं निळंशार होतं. (थॉमसने तैलचित्रंही केलीत. त्यांची नक्कल असेल तर गोष्ट वेगळी.)

हाताने काढलेलंच हवं असेल तर कागदावर जलरंगात करणारा शोधा, आणि पैसे देण्याआधी घुमटाची गोलाई नि कमानी नीट बघा. नक्कल तिथेच फसते.

बाकी आपला पावसाळा आहेच. बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला ओल येते, कागदाला बुरशी धरते. आतली भिंत निवडा, फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळेल.