नदीकाठच्या जुन्या देवळाला ऑइल पेंट मारावा का?

कृष्णाकाठ: यात्रेआधी आमच्या गावात महादेवाचं देऊळ रंगवायला वर्गणी निघालीय, काळ्या दगडाला ऑइल पेंट, तोही भगवा आणि आकाशी. मारू नये असं माझं स्पष्ट मत. पेंटनं दगड-चुन्यातली ओल आतच कोंडते, पोपडे सुटतात, शिखराचा गिलावा फुगतो आणि पुढच्या यात्रेला त्याच्यावर परत पेंट. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ बघा, 1735 च्या सुमाराला श्रीपतराव प्रतिनिधींनी बांधलेलं, कृष्णा-वेण्णेचे एवढे पूर बघितले त्यानं, ते काय रंगावर उभंय का?

बाळू गाववाला: तू पुण्यात बसून बोलतोय भावा. पूर ओसरला की गाभाऱ्यातला गाळ घमेल्यानं कोण काढतं? आम्ही. मग रंग पण आम्हीच ठरवणार. आणि माहुलीचंच काढलंस तर ऐक, विश्वेश्वराला रोज दिवा लागतो म्हणून ते टिकलं. तिथंच येसूबाईंची समाधी, जवळपास 29 वर्षं मोगलांच्या कैदेत काढून 1719 ला परत आलेल्या महाराणी त्या, आणि समाधी नेमकी कुठली हे नक्की व्हायला आत्ताआत्तापर्यंत थांबावं लागलं. तिथं पेंट नव्हता की कुणाचा!

वाईची लेक: बाळूदादा, दिवा लावा, कोण नको म्हणतंय, पण रंगाखाली काय काय जातं ते बघा ना. आमच्या वाईजवळ मेणवलीच्या घाटावर घंटा आहे, वसईच्या 1739 च्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा, त्यावर मेरी, बाळ येशू आणि 1707 साल. तिला कुणी हौसेनं चार हात सोनेरी रंग मारला असता तर साल दिसलं असतं का? तुमच्या देवळाच्या चौकटीवर पण काय कोरलेलं असेल तर?

बाळू गाववाला: चौकटीवर गणपती आहे, त्याला शेंदूर आहे, आजोबांच्या आधीपासून. तो पण खरवडू का ताई?

कृष्णाकाठ: शेंदूर राहू दे रे, त्याला कोण हात लावतोय. भिंती कुंचा आणि साध्या पाण्यानं धुवा, वर्गणी शिखरावर लावा, घाण्यात मळलेल्या चुन्याचा गिलावा करणारा गवंडी मी शोधतो.

बाळू गाववाला: शोध की. रविवारी पारावर मीटिंग आहे, त्याला घेऊनच ये. पेंटवाल्याचं कोटेशन आलंय, चुन्याचं त्याच्या वर जेवढं जाईल तेवढं तुम्ही पुणेकर पोरांनी भरायचं.

कृष्णाकाठ: निम्मं.