मदत हवी आहे: आप्पांच्या पायाची जखम भरत नाही, हिरड्यांवरची गोळी चालेल का?

आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. आप्पांची शुगर जुनी. थ्री-फेज लाईट रात्रीची, म्हणून उसाला पाणी पाजायला ते रात्रीच जातात, तेही अनवाणी. चिखलात चप्पल रुतते म्हणतात. पावसाळ्यात अंगठ्याच्या बुडाशी घट्टा फुटून जखम झाली. तळपाय बधिर, त्यामुळे दुखलंच नाही.

आता शुगर आटोक्यात आहे, पू नाही, वास नाही. तरी जखम आहे तेवढीच. कडा पांढऱ्या आणि जाड, तळाशी पिवळा बुळबुळीत थर. ड्रेसिंगच्या वेळी तो काढला की खाली लाल मांस दिसतं, पुढच्या ड्रेसिंगला पुन्हा तोच थर.

डॉक्टर म्हणाले, जखमेत एमएमपी वाढलेत; नवं मांस धरतं तेवढं ते खाऊन टाकतात. मी वाचलं ते असं: ही कोलॅजन, म्हणजे मांस-कातडीला धरून ठेवणारं प्रथिन, तोडणारी एन्झाइम्स. साध्या जखमेत सुरुवातीला वाढतात, मेलेलं काढून टाकतात, मग टीआयएमपी नावाची प्रथिनं त्यांना आवरतात. मधुमेहाच्या जुन्या जखमेत ही एन्झाइम्स चढलेलीच राहतात. मला हे फक्त कॅन्सरमधलं वाटायचं. पण सांध्यातली कूर्चा झिजण्यात, फुप्फुसाच्या एम्फिसीमात, हिरड्यांच्या आजारातही हीच मंडळी आहेत.

माझा प्रश्न इथेच आहे. आईच्या हिरड्यांसाठी दातांच्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन अगदी कमी मात्रेत दिलंय, जंतूंसाठी नाही, एमएमपी-८ हा त्यातलाच एक प्रकार दाबायला. मग तीच गोळी आप्पांना का नको? कोणाला माहिती असेल तर कृपया सांगा. बोट काढावं लागेल या भीतीनं ते जेवतही नाहीत नीट.

प्रतिसाद

ताई, मी जखमांच्या ओपीडीत नर्स आहे. गोळी स्वतःहून देऊ नका. २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा हा डोस हिरड्यांसाठी आहे, अमेरिकेत १९९८ मध्ये त्यालाच मान्यता मिळाली. पायाच्या जखमेसाठी नाही. शिवाय सगळे एमएमपी वाईट नसतात. मधुमेही उंदरांच्या जखमेत एमएमपी-९ अडवल्यावर ती लवकर भरली, आणि एमएमपी-८ वरून लावल्यावरही लवकर भरली. डॉक्सिसायक्लिन असा भेद करत नाही.

सुक्रोज ऑक्टासल्फेटच्या ड्रेसिंगबद्दल डॉक्टरांना विचारा, ते जखमेतच एमएमपी कमी करतं. २०१८ च्या युरोपातल्या चाचणीत २४० रुग्ण होते. २० आठवड्यांत या ड्रेसिंगने ४८ टक्के जखमा भरल्या, साध्याने ३० टक्के. पण तिथले सगळे रुग्ण रक्तपुरवठाही कमी असलेले होते, आणि जखमेत संसर्ग नव्हता.

त्याआधी पायावरचा भार काढा. आप्पा त्याच पायावर चालत असतील तर कुठलंच ड्रेसिंग लागू पडणार नाही. प्लास्टर किंवा खास बूट मिळतो, आणि पाणी पाजायला तूर्त दुसरं कोणी जाऊ दे. पाय लाल झाला, सुजला, काळा पडला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घोट्याचा रक्तदाब मोजून पायाचा रक्तप्रवाह तपासलाय का? रिपोर्ट असेल तर आकडा इथे लिहा.